वळखीचा माणूस

गेल्या महिन्यात आमच्या फाउंड्रीतल्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी जनूसाहेबांचा फोटो टाकला. भट्टीसमोर उभे, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडभर काजळी आणि त्या काजळीत दोन निळे डोळे. फोटोखाली धडाधड मेसेज पडले. कुणी देवमाणूस लिहिलं, कुणी गुरू लिहिलं, ज्यानं त्यांच्या हाताखाली धड सहा महिनेही काढले नव्हते त्यानंसुद्धा चार वेळा हात जोडले. मग कागलच्या पांडबानं विचारलं, "दिनकरराव, तुम्ही का गप्प? तुम्हीच की त्यांच्या सगळ्यात जवळचे." मी फोन उपडा ठेवला आणि चहा पीत बसलो. पांडबाला काय सांगणार, कपाळ? या माणसावर मी नऊ वर्षं दर महिन्याला लिहीत होतो. फक्त ते लिहिलेलं चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं.

त्यांचं नाव यानोश कोवाच. ते स्वतः 'कोवाच यानोश' असं सांगायचे, कारण त्यांच्या हंगेरीत आपल्या सरकारी फॉर्मसारखंच आडनाव आधी येतं. या एका गोष्टीवर ते आपल्या सरकारवर खूश होते. कोवाच म्हणजे लोहार. यानोश म्हणायला मोल्डरांची जीभ वळेना, म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांचा जनू झाला आणि केस पिकायला लागल्यावर जनूसाहेब. उद्यमनगरात नवीन माणूस त्यांना बघून हमखास म्हणायचा, "हे वळिवड्याच्या छावणीतल्या पोलंडवाल्यांतलं मागं ऱ्हायलेलं दिसतंय." त्यावर ते न चिडता सांगायचे, "न्हाय पावणं. ते लढाईत आलते. मी मागनं पळून आलोय."

पळून आले हे खरंच होतं. एकोणीस वर्षांचे असताना त्यांच्या शहरात रणगाडे शिरले. थोरल्या भावाला पकडून नेलं आणि हे बर्फातून सीमा ओलांडून निघाले. पुढं जर्मनीत एका फाउंड्रीत, ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते लाकडी पॅटर्न करायला शिकले. त्या लोकांनी आमच्या मालकांना एक भट्टी विकली, ती उभी करून द्यायला म्हणून हे तीन महिन्यांसाठी कोल्हापूरला आले. राहायची सोय मंगळवार पेठेत गंगाक्कांकडं केली होती. गंगाक्का निपाणीकडच्या, लिंगायत घरातल्या, बोलताना निम्मं कानडी. पहिल्या सकाळी जनूसाहेब माडीवर गेले तर तिथं वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या वाळत घातलेल्या. ते मिरच्यांच्या मधे उकिडवे बसले आणि एक मिरची हातात घेऊन हुंगत राहिले. आमच्याकडं घराच्या भिंतीला माळा करून टांगतात, असं त्यांनी खुणांनी सांगितलं म्हणे. गंगाक्कांना वाटलं भूक लागली असेल, म्हणून त्यांनी भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. डोळ्यांतून पाणी गळत असताना त्यांनी ते सगळं संपवलं. गंगाक्का त्या दिवसापासून त्यांना तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. तीन महिने संपले, जर्मन मंडळी गेली, तम्मा राहिला.

मी त्या फाउंड्रीत बाविसाव्या वर्षी टाइमकीपर म्हणून लागलो, तोही टेंपररी. पहिल्याच वर्षी मी एक शहाणपणा केला. जनूसाहेबांच्या टेबलावर दोन फुटी पितळी पट्टी असायची. घरच्या कपाटाच्या दाराला काच बसवायची होती, म्हणून मी त्यांना न विचारता ती पट्टी घरी नेली, माप घेतलं, काच कापून आणली. काच दाराच्या खाचेत बसेचना. दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी भरली आणि सुटून माझ्या पायाशीच फुटली. दुसऱ्या दिवशी मी काचवाल्याला शिव्या देत होतो ते ऐकून जनूसाहेब जवळ आले.

"कुठल्या पट्टीनं मोजलंस?"

मी पट्टी दाखवली. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग समजावून सांगितलं. लोखंडाचा रस थंड झाला की आटतो, फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करायचा असतो आणि त्यासाठी ही पट्टीच लांब केलेली असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर मोठा.

"ही पट्टी लोखंडासाठी हाय," ते म्हणाले. "पण माणसाला पण चालती. तापलेला माणूस मोठा दिसतो. थंड झाल्यावर मोजायचं."

हे वाक्य त्यांनी पुढं शंभरदा वापरलं. मालकांनी बोनसचा शब्द दिला की, युनियनचा पुढारी गेटवर भाषण ठोकून गेला की, पांडबा एका पोरीच्या मागं वेडा झाला तेव्हा. पांडबाच्या बाबतीत ते चुकले, तो अजून त्याच बाईच्या धाकात आहे.

सवयी विचित्र होत्या. दाराकडं पाठ करून ते कधी बसले नाहीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा उठून जागा बदलायचे. फोटोला उभे राहायचे नाहीत. ग्रुपवर आला तो कुणीतरी चोरून काढलेला. सोमवारी आमच्याकडं सुट्टी, त्या दिवशी एसटीनं नृसिंहवाडीला जायचे. देव मानायचे नाहीत, पण कवठाच्या बर्फीवर त्यांची भारी श्रद्धा होती. बर्फी घ्यायची, घाटावर बसून खायची आणि दुपारच्या गाडीनं परत. आणि एक सवय मला फार टोचायची. ते कुणालाही मित्र म्हणायचे नाहीत. पंधरा वर्षं शेजारी काम केलेल्या हेडमोल्डरलासुद्धा नाही. "कोण हाय तुमचा?" असं कुणी विचारलं की एकच उत्तर, "वळखीचा."

आता मूळ गोष्ट. या माणसाला देश नव्हता. तिकडचं नागरिकत्व गेलेलं, जर्मनीचं घेतलं नव्हतं, हातात निर्वासित असल्याचा एक कागद. इथं राहायला दर वर्षी परवानगी काढावी लागायची, आणि ती मिळेपर्यंतचे दोन महिने ते जेवणात मीठ आहे की नाही हेही सांगू शकायचे नाहीत. त्यांना इथलं व्हायचं होतं, कागदावर. नागरिक झाले की गंगाक्कांच्या परड्यातली शेड घेऊन स्वतःचं पॅटर्न शॉप काढायचं, हे ठरलेलं होतं. शेडची मापं घेऊन झाली होती, रंधा कुठल्या खिडकीजवळ राहणार तेही ठरलं होतं. एवढंच काय, सागवानी फळीवर मराठी अक्षरं कोरून पाटीसुद्धा तयार होती, 'कोवाच पॅटर्न वर्क्स'. ती फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलेली असायची. मला त्यांनी ती एकदाच दाखवली आणि लगेच परत गुंडाळली.

मी लागल्यावर दुसऱ्या वर्षी एका कचेरीतले साहेब मालकांना भेटायला आले. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. परदेशी माणूस आहे, कुठं जातो, कुणाची पत्रं येतात, कुणाला भेटतो, याचा महिन्याला एक कागद लागेल, असं साहेब म्हणाले. मला कुणी धमकी दिली नाही, कुणी काही देऊ केलं नाही. उलट आपल्याला कुणीतरी महत्त्वाचा समजतंय म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

पण लिहायचं काय? महिना संपत आला तरी माझ्याकडं एक ओळ नव्हती. त्या शेवटच्या शनिवारी दुपारी जनूसाहेब आपणहून टाइम ऑफिसात आले. दोन चहा सांगितले, दाराकडं तोंड करून बसले आणि बोलायला लागले. या महिन्यात भावाचं एक पत्र आलं, त्याचे गुडघे धरलेत. चारी सोमवार वाडीला गेलतो. दुसऱ्या सोमवारी बर्फी शिळी होती. गंगाक्कांच्या पुतणीच्या लग्नाला निपाणीला गेलतो, रात्री मुक्काम केला. अगदी सावकाश, क्रमानं, मी लिहून घेऊ शकेन अशा बेतानं. तेव्हा मला वाटलं, बाबा एकटा आहे, मन मोकळं करायला आला. ते गेल्यावर मी कार्बन घालून चार ओळी खरडल्या आणि सुटलो.

पुढं तो नेमच झाला. महिन्याचा शेवटचा शनिवार, दोन चहा आणि जनूसाहेबांचा महिना. माझ्या बायकोला मी कौतुकानं सांगायचो की एवढा अबोल माणूस, पण माझ्याजवळ बोलतो. आणि त्याच दुपारी तेच कागदावर उतरवून लिफाफा चिकटवायचो. लाज वाटायची का? सुरुवातीला वाटली. मग सवय झाली.

या नेमाच्या पाचव्या वर्षी त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. त्याच सुमाराला माझ्या थोरलीचं बारसं होतं, हुपरीला सासुरवाडीत. जनूसाहेब मुद्दाम एसटीनं आले. पोरीसाठी सागवानाचा खुळखुळा करून आणला होता, इतका गुळगुळीत की बायका एकमेकींच्या गालाला लावून बघत होत्या. माझ्या सासऱ्यांचा पुतण्या नुकताच पोलिसात लागला होता, तो ड्युटीवरून तसाच खाकी कपड्यांत आला. त्यानं जनूसाहेबांना बघितलं आणि मोठ्या आवाजात विचारलं, "आमच्या दाजींचे मित्र व्हय?"

जनूसाहेब उभे राहिले. "न्हाय, न्हाय," ते म्हणाले. "नुसता वळखीचा हाय."

सगळे हसले. तोच पोलीस मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही तर साहेब माझे जवळचे म्हणून सांगत होतासा की." माझी मान खाली गेली. पाच वर्षं दर महिन्याला माझ्यासमोर मन उघडं करणारा माणूस माझ्याच पोरीच्या पाळण्यापाशी मला ओळखीचा म्हणतो. मला इतका राग आला की त्यांना एसटीवर सोडायलाही मी गेलो नाही.

त्याच आठवड्यात साहेबांचा निरोप आला. अर्जाच्या चौकशीसाठी माझे कागद काढले होते आणि ते त्यांना पसंत नव्हते. "दर महिन्याला पत्र, वाडी, बर्फी. हे काय लिहिणं झालं? माणूस आहे, काहीतरी करत असेलच की." मी टाइम ऑफिसात आलो, कार्बन घातला आणि जनूसाहेबांनी सांगितलेल्या चार ओळींखाली पाचवी ओळ लिहिली. 'नृसिंहवाडी येथे घाटावर एका परदेशी इसमास नियमित भेटतात असे समजते.' असे समजते. कुणाकडून समजते? माझ्या रागाकडून. लिफाफा टाकून आलो तेव्हा मला बरंही वाटलं होतं, तेही सांगून टाकतो.

मुलाखतीला जनूसाहेब नवा कोट शिवून गेले. गंगाक्कांनी सकाळी त्यांच्या हातावर दही ठेवलं होतं. दुपारी ते तिथून थेट टाइम ऑफिसात आले, कोट काढून मांडीवर घडी करून ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"विचारलं, वाडीला कुणाला भेटता. मी म्हटलं, बर्फीवाल्याला." त्यांनी कोटाची घडी पुन्हा सारखी केली. "हसले न्हाईत."

"मग?"

"मग काय. चहा सांग."

दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. कारण लिहिलेलं नव्हतं. गंगाक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. परड्यातली शेड पुढं एका वेल्डरनं घेतली आणि जनूसाहेब आमच्या मालकांकडंच नोकर राहिले, हात थरथरायला लागेपर्यंत. पत्र आल्यानंतरच्या शेवटच्या शनिवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण आले. दोन चहा, पत्र, गुडघे, वाडी. आणि जाता जाता म्हणाले, "घाटावर बसलो. कुणाला भेटलो न्हाय. कुणालाच न्हाय." तेव्हा तरी मला कळायला पाहिजे होतं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. आणखी चार वर्षं, तिकडची राजवट जाऊन इकडचे साहेब कागद मागायचे बंद होईपर्यंत. तिकडच्या नव्या सरकारनं त्यांना पासपोर्ट दिला. पण अर्ज त्यांनी पुन्हा कधीच केला नाही, त्यामुळं कोल्हापुरात ते शेवटपर्यंत परदेशीच राहिले.

मध्ये बरीच वर्षं गेली. ते निवृत्त झाले, गंगाक्का गेल्या, पण गंगाक्कांची सून शोभा त्यांच्याकडं तितक्याच मायेनं बघायची. मी महिन्यातनं एकदा जायचो, सवयीनं शेवटच्याच शनिवारी. एकदा गेलो तर ओसरीवर कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेले. तिकडं आता गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली ज्याच्या त्याला बघायला मिळतात. भावाच्या मुलीनं त्यांच्या फायलीच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या.

"बस," ते म्हणाले. "तुला वाचून दाखवतो."

फायलीत मिक्लोश नावाच्या पोराचे कागद होते. एकाच वर्कशॉपातला, एकाच ताटात जेवणारा. हे पळाले तेव्हा स्टेशनवर सोडायला तोच आला होता, स्वतःचा पाव त्यानं यांच्या खिशात कोंबला होता. भावाला पकडवलं म्हणून चाळीस वर्षं जनूसाहेब एका शेजारणीवर संशय धरून होते. निघाला मिक्लोश. दर आठवड्याला कागद द्यायचा. त्यांनी बोट ठेवून एक ओळ वाचली, आधी त्यांच्या भाषेत, मग मराठीत. 'भावाच्या घरी पत्रकं ठेवलेली आहेत असे समजते.'

"पत्रकं नव्हती," ते म्हणाले. "एक पण नव्हतं. मिक्लोश वाईट नव्हता. त्याच्याकडं लिहायला काय नव्हतं, आणि वरचा माणूस म्हणाला असंल, काहीतरी लिही. भाऊ सहा वर्षं आत गेला."

 

त्यांनी आणखी एक पान काढलं. "ही माझी जबानी. मला पण एक रात्र नेलतं. विचारलं, मिक्लोश कोण तुझा? मी म्हटलं, वळखीचा. मित्र म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्याला उचलायचे. वळखीचा म्हटलं की सोडायचे." ते पान त्यांनी मिक्लोशच्या पानाशेजारी ठेवलं, कडेला कड जुळवून. "तेव्हापासनं जिभेला तीच सवय हाय. खाकी कपडे बघितले की आणखीनच."

मला हुपरीचं बारसं आठवलं. उभे राहिलेले जनूसाहेब आठवले, खाकीतला पुतण्या आठवला. मी म्हणालो, "जनूसाहेब, मला तुम्हाला काही..."

"मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"साहेब आला त्याच दिवसापासनं. तू केबिनमधनं बाहेर आलास आणि माझ्याकडं बघितलं न्हाईस." आवाज अगदी रोजचा, पॅटर्नमधली चूक दाखवताना असायचा तसा. "मी विचार केला, ह्याला काय दिलं न्हाय तर हा मनानं लिहील. म्हणून दर महिन्याला येऊन देत होतो. पहिले तीन महिने तुझा कार्बन खिडकीला धरून बघितला. जसं सांगितलं तसंच होतं, काना-मात्रा फरक न्हाय. मग मी बघायचं सोडलं. म्हटलं, हा चांगला माणूस हाय."

शोभानं चहा आणून ठेवला. आत गेली.

"बाकी सगळं मी सांगितलेलं होतं, दिनकर," ते म्हणाले. "ती एक ओळ तुझी."

मी माफी मागितली. पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत आणि हातही ठेवला नाही. कागद गोळा करून गठ्ठ्याला दोरी बांधली आणि म्हणाले, "चहा निवला." एवढंच. मला त्या वेळी त्यांचाही राग आला होता, ऐकून नवल वाटेल. नऊ वर्षं ज्याला मी मन मोकळं करणं समजत होतो, ते सगळं मोजून दिलेलं होतं. माझ्यासाठी म्हणून एकही वाक्य नव्हतं. पण हा राग घेऊन मी जाणार कुणाकडं? सुरुवात मीच केलेली.

त्यानंतरही मी जात राहिलो. ते बोलायचे, पण हवापाण्याचं. महिना सांगायचे नाहीत.

शेवटचं बघितलं ते गेल्याच्या गेल्या वर्षी. अंथरुणाला खिळलेले, पण खाट दाराकडं तोंड करूनच लावून घेतलेली. कोपऱ्यात भिंतीला ती पाटी उभी होती, फडक्याशिवाय. खाटेखालून काढून शोभानंच ठेवली असणार. मी वाडीची कवठाची बर्फी नेली होती. इंजेक्शन द्यायला रोज एक सिस्टर यायची, ती नवीन होती. तिनं वहीत औषधाची नोंद केली आणि जाता जाता सहज विचारलं, "आजोबा, हे कोण तुमचे?"

मी खाली बघत राहिलो. मला उत्तर ठाऊक होतं आणि त्या दिवशी मला ते हवंही होतं. 'वळखीचा' हा एक शब्द ऐकला असता तर मी गपगुमान चहा पिऊन घरी गेलो असतो.

जनूसाहेबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग सिस्टरकडं बघून स्पष्ट म्हणाले, "मित्र हाय."

सिस्टर हसली आणि वही मिटून गेली. त्यांनी डोळे मिटले. बर्फीचा पुडा मी उशाशी ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर आलो.